पिशवी ज्याच्या खांद्यावर

त्याला फोटोत पलंग दिसायचा आणि तिला त्या पलंगाचा टोकदार कोपरा. त्याला गच्चीवरून डोंगर दिसायचा; तिला गच्चीचा कठडा दिसायचा, कठड्याच्या दोन सळ्यांमधली फट दिसायची, आणि त्या फटीतून बाहेर गेलेलं एक छोटं डोकं. दोन दिवस कुठंतरी जाऊन यायचं म्हणून दोघं एकाच फोनवर माना वाकवून बसायची आणि एकाच जागेची दोन वेगवेगळी चित्रं बघायची.

"ही बघ. खिडकी केवढी मोठी आहे!"

"गज नाहीत खिडकीला."

"बरं, ही?"

"जिना आहे."

"जिना सगळीकडे असतो गं. माणसांनी वर कसं जायचं?"

"माणसं जातील वर. भोपळ्या येईल खाली."

भोपळ्या म्हणजे त्यांचा धाकटा. नुकताच रांगायला लागलेला, गोल, आणि धरायला गेलं की हातातून निसटणारा. थोरली ठकी चार वर्षांची. तिला चालणं माहीत नव्हतं, धावणंच माहीत होतं.

तो पावाच्या भट्टीवर कामाला होता. उजाडायच्या आधी जायचा आणि दुपारी अंगाला पिठाचा वास घेऊन परतायचा. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. दुपारी जायची आणि दिवेलागणीनंतर यायची. तोवर तो बसल्या जागी पेंगत असायचा. भट्टीला रविवार नव्हता, तिची सुट्टी आठवड्याच्या मधल्या वारी. एका छपराखाली राहून नवराबायको भेटायची ती दारात. तो आत, ती बाहेर. ती आत, तो झोपेत. त्यांचा सगळा संसार उंबरठ्यावर उभ्या उभ्या चालायचा.

"काय पाववाले?" ती म्हणायची.

"काय सुईवाली?" तो म्हणायचा. झालं बोलणं. तिची बस यायची.

बोलण्याची जागा एका पिशवीनं घेतली होती. जाड कापडाची, लांब पट्ट्याची. तिच्यात लंगोट, दुधाची बाटली, ठकीचा जादा फ्रॉक आणि तापाचं औषध. दारात एकाच्या खांद्यावरून पिशवी उतरायची आणि दुसऱ्याच्या खांद्यावर चढायची. पिशवी ज्याच्या खांद्यावर, पोरं त्याची. हा नियम कुणी केला ते दोघांनाही आठवत नव्हतं, पण तो कधी चुकला नव्हता. खांद्यावर वजन आलं की माणूस आपोआप चार डोळ्यांनी बघायला लागायचा, आणि वजन उतरलं की डोळे मिटून घ्यायचा. "पोरं बघ हं," असं एकमेकांना तोंडानं सांगायची वेळच कधी आली नाही. न सांगता चालतं याचा त्यांना अभिमान वाटायचा.

त्यानं भट्टीवर रजा मागितली तेव्हा मोठा कारागीर हसून हसून पिठात पडायचा राहिला. "लग्नाच्या बायकोला भेटायला रजा? अरे, बाहेरचं काही असेल तर सांग, लगेच देतो!"

"तिला भेटून वर्षं झाली, उस्ताद."

त्याच्या तोंडाकडे बघून कारागीर हसायचा थांबला. "जा," म्हणाला. "दोन दिवस मी तुझी परात बघतो."

तिनंही आपली सुट्टी बदलून घेतली. पोरांना ठेवायला घरात मोठं माणूस नव्हतं, म्हणून त्यांना घेऊनच जायचं ठरलं. शेवटी जागा सापडली ती एका काकूंच्या घरी. तळ्याकाठचं बैठं घर. जिना नाही, गच्ची नाही. पाहुण्यांना एक खोली, आणि वर काकूंचा शब्द : "संध्याकाळी तुम्ही दोघं पाण्याकाठी निवांत जेवायला बसा. तेवढा वेळ पोरं मी सांभाळते. माझी चार मोठी झाली, एकही हरवलं नाही."

तिनं फोनवर काकूंना तळ्याबद्दल इतके प्रश्न विचारले की काकू म्हणाल्या, "पोरी, तू सुट्टीला येतेयस की घर विकत घेतेयस?" बागेला कुंपण आहे, फाटक आहे, फाटकाची कडी वरच्या अंगाला आहे, पोराचा हात पोचत नाही, हे सगळं त्यांनी सांगितलं. तरी आदल्या रात्री तिच्या स्वप्नात पाणी आलं. पाण्यात काही नव्हतं, नुसतं पाणी. तिनं नवऱ्याला ते सांगितलं नाही. वेडी म्हणाला असता.

शनिवारी सकाळी बसनं ती चौघं पोचली. थांब्यापासून घर हाकेच्या अंतरावर, एका वळणाच्या आत. जागा फोटोपेक्षा चांगली निघाली, असं आयुष्यात क्वचितच होतं. खोलीला एक दार ओसरीकडे, दुसरं आतल्या बोळात. बोळाच्या टोकाला न्हाणीघर, आणि त्याच्या पलीकडे बागेचं दार. तिनं कोपरे तपासले, खिडकी ओढून बघितली, बागेत जाऊन फाटकाची कडी वर आहे याची खात्री केली. मग, काय वाटलं कोण जाणे, तिनं खांद्यावरची पिशवी काढली आणि दारामागच्या खुंटीला अडकवली.

"दोन दिवस ही कुणाच्याच खांद्यावर नको," ती म्हणाली.

"असं म्हणतेस?"

"असंच म्हणते."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती लाजली. इतक्या वर्षांनी नवऱ्यासमोर लाजायला होतं याचंच तिला हसू आलं.

पुढं जे झालं ते इतकं साधं होतं की नंतर दोघांनी ते मनात कितीदा उलटंपालटं करून बघितलं, तरी चुकीची नेमकी जागा बोट ठेवून दाखवता येईना.

दुपारी भोपळ्या पलंगाशेजारी खाली घातलेल्या गादीवर झोपला. ठकी फरशीवर पालथी पडून रंगकाड्यांनी बस काढत होती. आई केस धुवायला न्हाणीघरात गेली. जाताना काही बोलली नाही, कारण दुपार ही नेहमी त्याचीच असायची. बऱ्याच वेळानं न्हाणीघराचं दार वाजलं, बोळात तिची पावलं ऐकू आली. घरी तिची पावलं दाराशी आली की त्याची पाळी संपायची. त्याच सवयीनं तो उठला, ओसरीच्या दारानं बाहेर पडला, आणि संध्याकाळी टेबल कुठं मांडणार ते बघायला घराला वळसा घालून बागेत गेला. ती आत आलीच नाही. बोळाच्या टोकाला ऊन दिसलं, तशी ती ओले केस मोकळे सोडून बागेच्या दारानं बाहेर पडली. खांदे दोघांचेही हलके होते. आपला खांदा हलका, म्हणजे दुसऱ्याचा जड. इतकी वर्षं हेच तर खरं होतं.

फाटकाशी दोघं समोरासमोर आली. तो फाटक उघडून नुकताच तळ्याच्या धक्क्यापर्यंत जाऊन आला होता. टेबल मांडायची जागा छान आहे असं सांगणार होता, पण तिचे ओले केस बघून विसरला.

"काय सुईवाली?"

"काय पाववाले?"

बस यायची नव्हती. कुणालाच कुठं जायचं नव्हतं. त्यानं तिचा हात धरला. भट्टीनं भाजलेला, खरखरीत तळवा. तिला तो ओळखीचा वाटला आणि नवाही. पाण्याच्या कडेकडेनं ती दोघं चालत गेली, लव्हाळ्यापर्यंत. किती सुखाचा वेळ होता तो! ती मनात म्हणाली, यानं पोरांना काकूंकडे नेऊन दिलं, न सांगता, किती शहाणा आहे. तो मनात म्हणाला, हिनं पोरांची सोय लावली, हिला सांगावं लागत नाही. एकमेकांचं मनातल्या मनात कौतुक करत ती चालत राहिली.

"काकूंना त्रास नाही ना दिला ठकीनं?" त्यानं सहज विचारलं.

"मला काय माहीत? तूच ठेवलंस ना त्यांच्याकडे."

"मी कुठं? तू आलीस ना खोलीत."

"मी नाही आले खोलीत."

हात तसेच एकमेकांत होते. मग एकदम सुटले.

ती आधी पळाली की तो, हे सांगता येणार नाही. धावताना तिला एकच गोष्ट दिसली : बागेचं फाटक सताड उघडं होतं. कडी वर होती, पोराचा हात पोचत नव्हता, आणि फाटक सताड उघडं होतं. तिच्या तोंडून "दे" एवढंच निघालं. "वा" घशात राहिलं. भीतीत माणसाला देवाचं नावसुद्धा पुरतं घेता येत नाही. अर्धंही तिथं पोचतं म्हणतात. पण त्या वेळी एवढा विश्वास कुणाच्या अंगात असतो?

खोलीत भोपळ्या जागा होऊन बसला होता आणि लाल रंगकाडी चघळत होता. त्याच्या तोंडाभोवतीचा लाल रंग बघून तिचं काळीज बंद पडायचंच राहिलं होतं. फरशीवर अर्धी बस होती. ठकी नव्हती.

"ठके!"

पलंगाखाली नाही. न्हाणीघरात नाही. स्वयंपाकघरात काकू एकट्याच रेडिओ लावून भाजी चिरत होत्या. दोघांची तोंडं बघून त्यांनी रेडिओ बंद केला आणि विळी बाजूला सारली.

"किती वेळ झाला?"

कुणालाच सांगता येईना. सुखात वेळ मोजलेला नसतो.

तो फाटकातून गेला तो थेट पाण्यात शिरला, चपलांसकट. ती लव्हाळ्यात घुसली. रोज दहाजणांच्या हातांवर शीर शोधणारी तिची बोटं, कधी न हललेली, आता लव्हाळं धरता धरता निसटत होती. "ठके! ए ठके! नाही रागावणार, बाळा, ये!" तळं गप्प होतं. सकाळी याच तळ्याचं किती कौतुक केलं होतं. आता त्याचा तो सपाट, चकचकीत शांतपणा तिला बघवेना. बुडालं असतं तर लाटा असत्या, ती स्वतःला म्हणाली. आणि लगेच तिला कळलं की नसत्या.

काकू आल्या त्या एका कडेवर भोपळ्याला घेऊन, आणि दुसऱ्या हातात एक लांब काठी. काठीच्या टोकाला लोखंडी आकडा.

"ती काठी कशाला?" ती किंचाळली.

"काही नाही गं. असावी हाताशी." काकू तिच्याकडे न बघता म्हणाल्या, आणि काठी त्याच्याकडे सरकवली. "मी फोन केलाय. येताहेत."

"कोण येताहेत?"

काकूंनी भोपळ्याच्या तोंडावरचा लाल रंग पदरानं पुसला.

तो छातीभर पाण्यात होता. एक एक पाऊल टाकायचा, पायानं तळ चाचपायचा, आकडा पुढं फिरवायचा. प्रत्येक पावलाला त्याचं तोंड आक्रसायचं. पायाला चिखल लागला की सुटायचं, आणि मऊ काही लागलं की परत आक्रसायचं.

ती पुन्हा खोलीकडे धावली. का, ते तिला माहीत नव्हतं; बहुधा पाणी बघवत नव्हतं म्हणून. ओसरीच्या दारात ती थांबली. पायपुसण्यावर तिच्या चपला होत्या. शेजारी ठकीच्या चपला असायला हव्या होत्या. नव्हत्या.

ठकीला चपला घालायच्या म्हणजे रोजचं युद्ध. बागेत, अंगणात, जिन्यात ती अनवाणीच हुंदडायची. चपला घेऊन मागं पळायला आईबाप होते. चपला ती आपण होऊन घालायची फक्त एका वेळी : रस्त्यावर जायचं असेल तर. बसकडे.

आणि मग तिला खोलीतून दिसणारं दृश्य दिसलं, फरशीवर पालथं पडून बघितल्यासारखं. आई दारातून बाहेर गेली, खांद्यावर पिशवी नाही. रोज दुपारी आई अशीच जाते. कामाला. मग बाबा गेला. त्याच्याही खांद्यावर नाही.

ती फाटकापाशी येऊन ओरडली, "मी रस्त्याकडे जाते!"

"काय?" तो पाण्यातून वळला. "पाणी सोडून?"

"तिच्या चपला नाहीत जागेवर!"

"चपला घालूनही पडतात पोरं!"

त्याचं खरं होतं. त्या एका वाक्यानं ती जागच्या जागी खिळली. आपण चुकलो तर? आपण रस्त्यावर हाका मारत फिरू, आणि इथं, याच क्षणी, हाताच्या अंतरावर… पाण्याकडे पाठ करणं म्हणजे पोरीकडे पाठ करणं, असं तिला वाटलं. "तू तिथंच राहा," ती म्हणाली, आणि कुणीतरी मागून ढकलल्यासारखी वळून पळाली.

गल्लीत कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंना डोक्याएवढी झुडपं. खडी तळपायात घुसत होती, ओले केस तोंडावर येत होते. वळणापलीकडून ब्रेकचा लांबच लांब आवाज आला आणि तुटला. त्यानंतर काहीच आवाज नाही.

वळण ओलांडलं तेव्हा दिसला तो ट्रक. दगड भरलेला, रस्त्यात आडवा, मागचे दिवे उघडझाप करणारे. चालकाचं दार उघडं. आत कुणी नाही. रस्त्यावर टायर घासल्याचे दोन काळे पट्टे.

ती रस्त्यावर गुडघ्यांवर बसली. पुढं जाऊन बघायचं होतं आणि बघायचं नव्हतं. जोवर बघितलं नाही तोवर ठकी होती. किती वेळ तशी बसली असेल ते देवालाच ठाऊक. मग तिनं मान वाकवली आणि ट्रकच्या पोटाखालून पलीकडे बघितलं.

पुढच्या चाकाच्या त्या बाजूला दोन छोटे पाय होते. चपला उलट्या घातलेल्या, डाव्या पायातली उजव्या पायात. पाय उभे होते. एक पाय दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत होता.

ती ट्रकला धरत धरत पलीकडे गेली. चालक, चांगला दांडगा मिशाळ माणूस, ठकीसमोर उकिडवा बसला होता आणि विडी पेटवायच्या खटपटीत होता. काडी पेटायची आणि त्याच्या हातातच विझायची.

"तुमचीच का?" त्यानं विचारलं. "मला म्हणते, गाडी बाजूला घ्या, माझी बस चुकेल."

तिनं ठकीला छातीशी इतकं आवळलं की ठकीला बोलायलाही जागा उरली नाही. तरी ती बोललीच.

"तू सांगितलं नाहीस! तू कामाला गेलीस आणि बाबापण कामाला गेला! मग मी बोलवायला चालले. भोपळ्याला कुणी बघायचं?"

"काय माणसं आहात हो," चालक म्हणाला. आवाज चढवायचा होता त्याला, पण चढेना. "वळणावर आहे ही. मी जर जरा…" त्यानं विडी फेकून दिली. "जा घेऊन. माझ्या घरी दोन आहेत एवढ्या एवढ्या. आज घरी जाऊन मी काय जेवणार?"

त्याच्या पाया पडावं असं तिला वाटलं. पण पोरगी कडेवर होती आणि वाकलं तर परत उठता येईल याचा भरवसा नव्हता. "देवासारखे आलात," एवढंच ती म्हणाली. तो मान हलवून ट्रकमध्ये चढला, आणि बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिला.

परत येताना तिला पळवत नव्हतं आणि थांबवतही नव्हतं, कारण तो अजून पाण्यात होता आणि त्याला माहीत नव्हतं. फाटकापाशी पोचून तिनं हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात काकूंनी बघितलं. काकूंनी हाक मारली, अशी की पलीकडच्या काठावरची बदकं उडाली.

"अरे, सापडली! आहे! आहे पोरगी!"

तो ऐकत नव्हता. त्याला पाणी गळ्यापर्यंत होतं. त्याच्या काठीला काहीतरी लागलं होतं. जड, मऊ, तळाशी. तो आकडा धरून उभा होता, डोळे गच्च मिटलेले. ओढत नव्हता आणि सोडतही नव्हता.

"बाबा!" ठकी म्हणाली. "कपडे भिजले तुझे."

त्यानं डोळे उघडले. काठीवरून हात काढला. काठी हळूच आडवी झाली आणि तरंगत लांब गेली. तळाशी काय होतं ते शेवटपर्यंत कुणी बघितलं नाही. पोतं असेल, लाकूड असेल. काठावर यायला त्याला वेळ लागला. आल्यावर त्यानं ठकीला हात लावला नाही. ओल्या हातानं लावायला भ्याला, की आणखी कशाला, कोण जाणे. ओसरीच्या पायरीपर्यंत तो तिच्या मागं मागं आला आणि तिथं बसला. दात वाजत होते.

"पोहत पोहत आणखी पुढं बघायचं होतंस," ती कधीतरी म्हणाली. बोलायचं म्हणून बोलली.

"मला कुठं पोहता येतं?"

"पोहता येत नाही तुला?"

"नाही."

"मला माहीतच नाही."

"विचारलं नाहीस कधी." तो हसायला गेला आणि तोंड वेडंवाकडं झालं. "बस यायची ना तुझी."

तेव्हा तिला रडू आलं. रस्त्यावर आलं नव्हतं, ट्रकपाशी आलं नव्हतं, ते सगळं आता आलं. पोहता न येणारा माणूस गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहिला होता. इतकी वर्षं त्याच्या हातून पिशवी घेतली आणि त्याच्या हातात दिली, आणि हा कोण आहे हेच बघायचं राहून गेलं होतं. तिनं त्याच्या ओल्या खांद्यावर कपाळ टेकलं. ठकी दोघांच्या मधे चेपली गेली आणि कुरकुरली. भोपळ्या काकूंच्या कडेवरून झेपावून आपल्यालाही त्यात घ्या म्हणून ओरडायला लागला.

काकूंनी फोन करून ज्यांना बोलावलं होतं त्यांना परत फिरायला सांगितलं. मग दाराशी येऊन विचारलं, "उद्या सकाळची गाडी आहे परतीची. सांगू का?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पळून जावं असं दोघांनाही वाटत होतं. पण घरी परत तोच उंबरठा होता.

"नको," ती म्हणाली. "ठरल्याप्रमाणे उद्या संध्याकाळचीच. आणि काकू, टेबल पाण्याकाठी नको. इथंच ओसरीवर मांडा. चौघांचं."

"बरं. आधी याला कपडे बदलू दे, नाहीतर याला ताप भरेल आणि माझं नाव खराब होईल."

तो उठला. दारापर्यंत गेला आणि थांबला. आयुष्यात पहिल्यांदा ते शब्द तोंडातून काढताना त्याला अवघडल्यासारखं झालं.

"मी आत जातोय. ठकी तुझ्याजवळ आहे."

"माझ्याजवळ आहे," ती म्हणाली.

"भोपळ्या काकूंकडे."

"भोपळ्या काकूंकडे. बघितलं मी."

तो आत गेला. आत कपाट उघडल्याचा आवाज आला, ओला शर्ट फरशीवर पडल्याचा आवाज आला. मग पावलं घाईघाईनं परत आली. कोरड्या शर्टाची एकच बाही हातात घालून तो दारात उभा होता.

"आहे ना?" त्यानं विचारलं.